दोघांनी भरलेली वाटी

मनीची पाण्याची वाटी आमच्या घरात कधी रिकामी दिसली नाही, याचा मला अभिमान होता. सकाळी फिरून आलो की मी ती भरायचो. दुपारी शाळेतून शिकवून आली की माझी बायको सुनंदाही भरायची. एकमेकांना सांगावं असं त्यात काही नव्हतं.

आमच्या या मांजरीला मधुमेह आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर तिची तहान कमी झाली होती. ती पुन्हा कधी वाढली, ते कळलंच नाही. केसांची चमक गेली, पाठीचा कणा हाताला लागू लागला, तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं.

"पाणी किती पिते?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक वाटी," मी म्हणालो.

"एक वाटी," सुनंदाही त्याच वेळी म्हणाली, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

साखर आटोक्यात होती. रक्त-लघवी तपासल्यावर कळलं, किडन्या थकायला लागल्यात. "सुरुवातच आहे. खाणं बदलू," बाई म्हणाल्या.

भरलेली वाटी म्हणजे काळजी, असं मी धरून चाललो होतो. ती किती रिकामी होते, ते पाहायला हवं होतं. माणसांच्या बाबतीतही आपण आग्रहाने वाढतो, पानात काय उरलं ते बघत नाही.

आता वाटी एकट्या सुनंदाने भरायची, असं ठरलंय. काल जेवताना मी तिसऱ्यांदा तांब्याकडे हात नेला, तर तिचा घास हातातच राहिला.