शनिवारची पाहणी, पाटोडीसकट

"चारपैकी एक बंद करायचंय. कोणतं, ते तुम्ही सांगा," साहेब म्हणाले, आणि मला बसायला न सांगताच पुढच्या फाइलमध्ये शिरले.

चार म्हणजे चार भंगारघरं. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. नागपूरला चिकटून असलेल्या एका छोट्या नगरपालिकेत मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. जुनी माणसं नगरपालिकेला 'कमिटी' म्हणत, मीही तेच म्हणतो. नाव सांगत नाही, कारण तिच्याच पेन्शनवर आजचा चहा चालू आहे. कागदोपत्री त्या जागांना लांबलचक नाव होतं, 'टाकाऊ गृहवस्तू संकलन केंद्र'. लोक भंगारघर म्हणत आणि मोकळे होत. एक टिनाचं शेड, आत चार कप्पे, कमिटीच्या पगारावरच्या तीन बाया. दारावर येणारा कबाडी रद्दी, पितळ, चांगल्या बाटल्या घेऊन जायचा. तो जे घेत नसे ते इथे यायचं: फुटकी काच, गंजके डबे, चिंध्या, सिगडीची राख. बाया ते निवडत. राख चाळून त्यातला अर्धवट जळलेला कोळसा वेगळा काढत. भंगार आणणारी बाई जाताना डबाभर चाळलेली राख भांडी घासायला घेऊन जायची, कोणी कोळसा न्यायची. यात कमिटीचा फायदा एकच. हे सगळं नाल्यात पडत नसे आणि नाला वाहता राहत असे. पण वाहता नाला जमेत धरायला बजेटमध्ये रकाना नसतो.

"बजेट टाइट आहे," साहेब फाइलमधूनच म्हणाले.

टाइट होतं, खोटं नाही. त्याच बजेटात नाल्यापलीकडच्या चौकात एक कारंजं मंजूर झालं होतं. उन्हाळ्यात त्या वस्तीच्या नळांना करंगळीएवढी धार यायची. तिथे कारंजं. इतकी वर्षं झाली, पण या वाक्याशी आलो की चहा कडू होतो.

तेव्हा मात्र मी रागावलो नव्हतो. तेव्हा मी फुगलो होतो. साहेबांनी या कामाला 'रिव्ह्यू' म्हटलं होतं आणि तो मी करणार होतो. रिव्ह्यू म्हणजे प्रत्येक भंगारघरात काही वेळ बसायचं, किती लोक येतात, बाया काय करतात ते पाहायचं आणि कोणतं घर कमिटीला जड झालं आहे ते लिहून द्यायचं. मी कार्यक्रम आखला. पहिलं भंगारघर सोमवारी, दुसरं मंगळवारी, तिसरं गुरुवारी. चौथं, नाल्यापलीकडचं, शनिवारी.

शनिवारच का, तर शनिवारी हाफ डे. आणि त्या भंगारघरापासून दोन गल्ल्या सोडून माझी थोरली बहीण राहायची. कुसुमताई. ताईच्या हातची पाटोडी ज्याने खाल्ली नाही त्याला मी काय सांगू? बेसनाच्या वड्या, त्या लालभडक रश्श्यात पोहतात, आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहतं तरी तो वाटी पुढे करतो. दीड-दोन महिने मी दर शनिवारी आधी पाटोडी खाल्ली आणि मग ढेकर देत सरकारी पाहणीला गेलो.

भंगारघरात दर वेळी एकच देखावा. शेड झाडलेलं, कप्पे रिकामे, तिघी पोत्यांवर पाय पसरून बसलेल्या. त्यांच्यातली मोठी अनसूयाबाई. शेड उभं राहिल्या दिवसापासून ती तिथे होती. नवरा गेलेला, घरचं सगळं तिच्याच पगारावर. बोलायला तिखट, ताईच्या रश्श्यापेक्षा.

"कोणी येत नाही वाटतं?" मी विचारलं.

"आज कोण येते साहेब?" ती सुपारी कातरत म्हणाली. जे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते मला काय सांगायचं, असा तिचा आवाज होता. मला वाटलं, बाई कंटाळली आहे. मी लिहून टाकलं: 'केंद्रात कोणी येत नसल्याचे कर्मचारी स्वतः मान्य करतात.'

आता खरी मौज ऐका. त्यातल्याच एका शनिवारी मी जेवून निघालो तेव्हा ताईने गोडेतेलाचा फुटका डबा माझ्यापुढे ठेवला.

"तिकडेच जाऊन राहिला ना गा बाबू? हा टाकून देजो भंगारघरात."

मी तिच्यावर ओरडलो. "ताई, आज शनिवार. लोखंड आणि तेल, दोन्ही आजच घराबाहेर काढतेस?"

ताईने जीभ चावली आणि डबा परत मोरीमागे ठेवला. आमच्या भागात शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणत नाहीत आणि घरातलं हलवतही नाहीत; डबा अडला की सोबतची राख-काचही सोमवारवर जाते. शनीचा वार. आई सांगायची, आजी सांगायची, आणि मी सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा खिशात ठेवून तेच सांगत होतो. बहिणीला शहाणपण शिकवून मी तडक भंगारघरात गेलो, आणि आज एकही माणूस डबा घेऊन आला नाही अशी नोंद केली.

माणसाने किती हुशार असावं?

रिपोर्ट गेला. साहेबांना तो फार आवडला, कारण नाल्यापलीकडचं शेड बंद झालं की कारंज्याच्या खर्चाला वाट मिळत होती. ऑर्डर निघाली. तिघींची सेवा समाप्त. पत्रं पोचवायचं कामही माझ्याकडेच आलं.

अनसूयाबाईने पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं. रडली नाही. तिने एकच विचारलं, "साहेब, तुम्ही पायनीले येत होते कवा?"

"दर शनिवारी," मी छाती काढून म्हणालो. "एकही चुकवला नाही."

तिने पत्राची चौपदरी घडी घातली. मग मागे वळून म्हणाली, "आयकलं का वं?" बाकीच्या दोघी हसायला लागल्या. हातात नोकरी गेल्याचं पत्र आणि या हसतात. मला ते असभ्य वाटलं. मी शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ताईकडे जेवायला गेलो.

पुढे पोळा आला. नागपुरात, आणि शेजारी म्हणून आमच्याकडेही, पोळ्याचा दुसरा दिवस मारबतीचा. मारबत म्हणजे कागद-बांबूची भलीमोठी बाई. वर्षभराची रोगराई, इडापिडा तिने घेऊन जावी म्हणून तिला वाजतगाजत वस्तीबाहेर नेतात आणि जाळतात. तिच्याबरोबर निघतात बडगे. बडग्या म्हणजे पुतळाच, पण ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचा. कधी महागाईचा, कधी साठेबाजाचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. ज्याचा निघाला त्याने तोंड लपवायचं, बाकीच्यांनी हसायचं.

आरोग्य खात्याची बंदोबस्तात ड्युटी असायची. मी चौकात उभा होतो आणि खुशीत होतो. एकेक बडग्या जात होता, लोक शिट्या मारत होते. तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीचा बडग्या आला. काय केला होता! डोकं म्हणजे तेलाचा डबा. हात टिनपत्र्याचे. पोट रद्दीने फुगवून नऊ महिन्यांचं केलेलं. एका हातात पेन, दुसऱ्यात रश्श्याची वाटी. छातीवर पाटी: 'शनिवारचे साहेब'. मी पोट धरून हसलो. शेजारच्या हवालदाराला म्हणालो, कोण हो हा खादाड?

हवालदाराने आधी बडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो दुसरीकडे पाहू लागला.

तेव्हा माझं लक्ष बडग्याच्या शर्टाकडे गेलं. निळ्या चौकटीचा, खिशापाशी हळदीचा डाग. मागच्या महिन्यात रस्सा सांडला म्हणून मी तो ताईकडे धुवायला टाकला होता.

बडग्यामागे अनसूयाबाई होती, पदर खोचून, सगळ्यांत मोठ्या आवाजात "घेऊन जा गे मारबत" ओरडत. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली, मला नीट नमस्कार केला आणि पुढे गेली. त्या नमस्काराची आठवण आली की अजून कानशिलं तापतात.

मी ड्युटी सोडून ताईकडे गेलो. घरात शिरताच विचारलं, माझा शर्ट कोणी दिला?

"मीच देल्ला," ती म्हणाली. तिचे हात कणकेत होते, तिने मानही वर केली नाही. "काहून? मले सांगतं का शनिवारी डबा हलवू नको, अन् साऱ्या वस्तीनं मात्र तुह्यासाठी हलवायचा होता? अनसूयाच्या घरी चूल कशी पेटून राहिली, पायलं का जाऊन?"

त्या दिवशी पाटोडी नव्हती. पुढेही बरेच दिवस नव्हती.

मी रागावलो होतो. आधी ताईवर, मग वस्तीवर, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःवर. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या बंद शेडसमोर जाऊन उभा राहिलो. वार शनिवार नव्हता. वस्तीतल्या बाया येत होत्या, डोक्यावर डबे, कडेवर राखेची घमेली. कुलूप पाहत, दोन शिव्या देत. त्यातल्या निम्म्या शिव्या माझ्या नावाच्या होत्या. आणि मग पन्नास पावलांवरच्या त्या नव्या कारंज्याकडे वळत. कारंज्याचा गोल हौद बांधून झाला होता, मधोमध सिमेंटची कमळंही होती. पाणी तेवढं नव्हतं. हौदात घोट्यापर्यंत डबे आणि काचा साचल्या होत्या. तेही निवडून: डबे एका बाजूला, काच दुसऱ्या बाजूला, राख कमळापाशी. शिस्त मोडली नव्हती, फक्त दार बंद होतं.

मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चूक माझी, वार चुकला, ऑर्डर मागे घ्या.

साहेबांनी चष्मा काढला. "शनिवारी लोक लोखंड हलवत नाहीत, हे मी मीटिंगमध्ये सांगू? मला वेड्यात काढतील. असल्या अंधश्रद्धेवर ऑफिस चालत नाही."

साहेबांच्या जीपच्या बंपरला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची बांधलं जायचं. ड्रायव्हर बांधायचा, साहेब समोर उभे राहून पाहायचे. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. आले नि गिळले. मला अजून राग आहे, की मी ते का गिळले.

"रिपोर्टवर सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग?"

मी दारापर्यंत गेलो. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. कारंज्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि हौदात कचरा असल्याची तक्रार आली होती. "तो साफ करून घ्या. आणि रोज साफ राहिला पाहिजे."

"माणसं नाहीत साहेब," मी म्हणालो. आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं वेळेवर चाललं. "पण कारंजे देखभालीच्या तीन जागा मंजूर आहेत. अजून भरल्या नाहीत. भरू का?"

"भरा," साहेब म्हणाले. त्यांना फक्त हौद रिकामा हवा होता.

मी त्याच दिवशी टिपण करून सही घेतली. अनसूयाबाई आणि त्या दोघी कारंजे देखभालीला लागल्या. हौदातलं सामान ठेवायला जागा हवी म्हणून शेडचं कुलूप काढावं लागलं. काढलं. सामान रोज येतं म्हणून शेड रोज उघडं ठेवावं लागलं. ठेवलं. मंत्री आले, टँकरच्या पाण्यावर कारंजं थोडा वेळ उडालं, टाळ्या झाल्या. पुन्हा कधी उडालं नाही. पण देखभाल चालूच राहिली, सोमवार ते शुक्रवार जोरात, शनिवारी पाय पसरून. कमिटीच्या कागदांवर ते भंगारघर बंदच होतं. साहेबांची ऑर्डर शाबूत आणि नाला वाहता.

इथे थांबलो तर मी हुशार ठरतो. म्हणून पुढचंही सांगतो. कारंज्याच्या जागा रोजंदारीच्या होत्या. तिघींची आधीची सेवा समाप्त झाली ती समाप्तच. मी अर्ज केले, पाठपुरावा केला, तीन साहेब बदलले. प्रत्येकाने विचारलं, मूळ रिपोर्ट कोणाचा? कारंज्याच्या फायली मात्र कधी अडकल्या नाहीत. ज्या दिवशी अनसूयाबाई थकून घरी बसली, त्या दिवशी तिला पेन्शन नव्हती. मला आहे.

निघताना तिने शेडची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "पाटोडीसंगं माह्या नोकरीचे वर्षंबी खाल्ले साहेब तुम्ही. पचले का?"

नाही पचले. आता निवृत्तीनंतर कधी एखादा तरुण अधिकारी सल्ला विचारायला घरी येतो. बजेट टाइट आहे, अमुक बंद करायचं आहे, पाहणी केली आहे, असं म्हणून तो कागद पुढे करतो. मी कागद बाजूला ठेवतो. चष्माही लावत नाही. आधी एवढंच विचारतो: गेला होतास कोणत्या वारी, आणि जेवलास कुठे?