चोरखिशातला पासपोर्ट

चहा ओता आधी. हा किस्सा कोरड्या घशाने मला आता झेपत नाही. लंडनजवळच्या या स्लाऊमधल्या प्रत्येक मराठी घरात, प्रत्येक गणपतीत, प्रत्येक कोजागिरीला कुणीतरी म्हणतंच, "श्री, तो बनियनचा किस्सा सांग ना!" आणि मी सांगतो. दमलो हो! पण तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय, म्हणून शेवटचं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आई पुण्याहून आमच्याकडे आली होती आणि दोन महिन्यांनी परत जायची होती. माझ्या आईने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. कन्याशाळेत मुलींना शिवण शिकवलं, मला वाढवलं, बस. ती एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "श्री, ते रोम इथून लांब आहे का रे?"

झालं! व्हिसासाठी खेटे घातले, बँकेचे कागद जमवले, आणि अखेर तिघांचे शिक्के मिळाले. मी, आई आणि माझी बायको मेधा. चार दिवस रोम. हे चुकलं की आईचं रोम कायमचं राहिलं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी जरा जास्त काळजी घेतली.

जरा? मेधाला विचारा!

ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की रोममध्ये खिसेकापू चालता चालता घड्याळ काढून घेतात. त्या दिवसापासून मी जेवणाच्या टेबलावर प्रवचन सुरू केलं. पर्समध्ये काही ठेवायचं नाही. पासपोर्ट परक्याच्या हातात द्यायचा नाही. आणि टॅक्सीवाल्याला आपण आपलं नाव सांगायचं नाही, त्यानेच आपलं नाव सांगायला हवं, नाहीतर तो आपला टॅक्सीवाला नव्हे.

"मग पासपोर्ट ठेवायचे कुठे?" मेधाने विचारलं.

"आई," मी म्हटलं, "माझ्या बनियनला आतून चोरखिसा शीव. आणि तिघांचे पासपोर्ट आत घालून तोंड शिवूनच टाक."

"अरे, बटण लावते की."

"बटण कुणीही काढेल! शीव."

आईने शिवलं. गोधडीचा दोरा, तोही दुहेरी, वर उलटी टीप. आईचे टाके एकदा बसले की बसले. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा अजून शाबूत आहे, दप्तर गेलं.

मग मी आईची पिशवी तपासली. कात्री, सुया, नेलकटर, सुपारीचा अडकित्ता, सगळं बाहेर. "हे घेऊन विमानात बसशील तर विमान उतरवतील," मी म्हटलं. आईने अडकित्त्याकडे असं काही पाहिलं, जणू माहेर सुटतंय.

सकाळी मिनीकॅब आली. दारात पांढऱ्या दाढीचे एक उंच गृहस्थ. "एअरपोर्ट?"

मी दार अर्धंच उघडलं. "किसके लिए आए हो?"

"आपके लिए."

"मेरा नाम क्या है?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वो आपको नहीं मालूम?"

"मुझे मालूम है. आपको मालूम है क्या?"

"जी, ऑफिस ने सिर्फ पता दिया है. आप नाम बता दो."

"पहले आप!"

ते पुटपुटत गाडीत बसले आणि निघून गेले.

"तू त्यांना घालवलंस?" मेधा किंचाळली.

"पडताळणी केली," मी म्हटलं.

मिनीकॅबच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, ते तुमचेच ड्रायव्हर होते, आता दुसरी गाडी मिळेल तेव्हा मिळेल. ती मिळाली तेव्हा मेधा माझ्याशी बोलायची थांबली होती, आणि आई मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून रस्त्यावरच्या घड्याळांकडे बघत होती. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तोच तर त्रास!

चेक-इनच्या काउंटरवर पोहोचलो तेव्हा आम्ही शेवटचे. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "पासपोर्ट्स, प्लीज."

मी अभिमानाने छातीवर हात ठेवला. आणि तिथेच लक्षात आलं.

"कात्री आहे?" मेधाने शांतपणे विचारलं. ती शांत झाली की मला जास्त भीती वाटते.

कात्री घरी होती. नेलकटर घरी. अडकित्ताही घरी!

टॉयलेटकडे धावलो. जॅकेट, स्वेटर, शर्ट, मग बनियन काढलं. दाताने टाके तोडायला गेलो. तुम्ही कधी गोधडीचा दोरा चावलाय? नका चावू. माझी एक दाढ त्या दिवसापासून ठणकते. शेवटी उघड्या अंगावर जॅकेट चढवलं आणि हातात बनियन घेऊन बाहेर आलो. काउंटरपाशी मी आणि मेधा दोन बाजूंनी बनियन ओढतोय, आणि आई टीप शोधत म्हणतेय, "श्री, ओढू नकोस, शिवण उसवेल!"

"तेच तर हवंय, आई!"

एवढ्यात दोन पोलीस येऊन उभे राहिले.

"सर, त्यात काय आहे?"

"पासपोर्ट."

"कुणाचे?"

"आमचेच."

"मग शिवलेत का?"

"चोरांपासून वाचवायला."

"कुठल्या चोरांपासून?"

"रोमच्या."

त्यातल्या थोरल्याने एकदा बनियनकडे, एकदा माझ्या उघड्या छातीकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

काउंटरवरच्या मुलीने ड्रॉवरमधून कात्री काढली. देव तिचं भलं करो. "द्या, मी कापते," ती म्हणाली.

"नो, नो!" मी बनियन छातीशी धरलं. पासपोर्ट परक्याच्या हातात? माझी तत्त्वं होती हो! मी कात्री घेतली, मोठ्या ऐटीत टाक्याखाली घातली आणि जोर लावला.

कचकन आवाज आला. दोऱ्याचा आवाज तसा नसतो.

माझा जुना आणि नवा पासपोर्ट एकत्र स्टेपल केलेला, त्यामुळे तो जाडजूड जोड सगळ्यात वर आलेला. त्याचा कोपरा माझ्या पायाशी पडला. आईचा आणि मेधाचा शाबूत.

मुलीने पासपोर्ट हातात घेतला आणि तिचं हसू मावळलं. "सर, कोपरा कापलेला पासपोर्ट म्हणजे रद्द केलेला पासपोर्ट."

"पण मी आत्ता कापला! तुमच्यासमोर!"

"हो सर. मी पाहिलं."

वरिष्ठ आले, त्यांनीही नकारार्थी मान हलवली. आईचं तोंड एवढंसं झालं. "मग मीही नाही जात," ती म्हणाली, आणि मला स्वतःची इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

मेधाने तिचा हात धरला. "आई, तुम्ही चला. रोमला खिसेकापूंना भेटायचंय ना आपल्याला?"

दोघी धावल्या. त्या मोठ्या दालनाच्या पार टोकाला जाऊन आई वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "श्री, बनियन घाल रे! गार आहे!"

त्यांचं रोम छान झालं. चार दिवस पासपोर्ट मेधाच्या साध्या पर्समध्ये, आणि कुणी पर्सकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या नशिबी पुढे नवा पासपोर्ट आणि त्यावर ब्रिटनच्या व्हिसासाठी क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसातल्या रांगा आल्या, ते सोडा.

त्या दिवशी मी फाटकं बनियन खिशात कोंबून बाहेर आलो आणि मिनीकॅबला फोन केला. गाडी आली. काच खाली झाली. पांढरी दाढी.

त्यांनी मला ओळखलं. घाई केली नाही.

"नाम?"

मी सांगितलं.

"पूरा."

वडिलांच्या नावासकट सांगितलं.

"कोई सबूत?"

मी काय करणार? निमूटपणे पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि मागचं दार उघडलं.

"बैठो, भाईसाब," ते म्हणाले. "ये आदमी तो कॅन्सल है."