यादविगाबाईंचा जळफळाट

पोलंडमधल्या किएल्त्सेच्या विद्यापीठात, भूशास्त्र विभागाच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं काढली. त्यामुळे मंत्रालयाचं ते पत्र आमच्या ज्येष्ठ प्राध्यापिका यादविगाबाईंना वाचून दाखवायची वेळ माझ्यावरच आली. सहायक शिक्षकांना पगारवाढ, सगळा खर्च सरकारचा. ज्येष्ठांचं काय ते विद्यापीठाने आपल्या पैशातून बघावं.

"आणि विद्यापीठाकडे आहे काय?" बाईंनी विचारलं.

"गळकं छप्पर दुरुस्त करायलाही पैसे नाहीत, बाई."

"मग कोर्नेलचं भलं झालं म्हणायचं!"

कोर्नेल दोन वर्षांपूर्वी लागलेला सहायक. त्याचा पगार आता बाईंच्या पगाराला जवळजवळ टेकणार होता. बाईंची नोकरी एकतीस वर्षांची. त्या सहायक होत्या तेव्हा घर चालवायला दर शनिवारी बाजारात स्वेटर विकायला उभ्या राहायच्या. एकदा त्यांच्याच विद्यार्थ्याने त्यांच्याशी भावावरून घासाघीस केली होती. तेव्हा कुठलं सरकार धावून आलं नव्हतं.

वाढ हातात पडल्यावर कोर्नेलने शनिवार-रविवारची पिझ्झा पोचवायची नोकरी सोडली, डोंगरात चालायचे चांगले बूट घेतले आणि विभागात खसखशीचा केक आणला. बाईंनी तुकडासुद्धा घेतला नाही.

"पोटात दुखतंय," म्हणाल्या. दुखणं कसलं ते मला कळत होतं. माझाही पगार वाढला नव्हता.

मे महिन्यात मुलांना जुन्या खाणीवर खडक दाखवायला न्यायचं असतं. बाईंचे गुडघे धरले होते, म्हणून यंदा कोर्नेल जाणार होता. बाईंनी नकाशे दिले. पण खाणीची वाट फ्लोरियान नावाच्या शेतकऱ्याच्या बागेतून जाते आणि आठवडाभर आधी विचारलं नाही तर तो फाटक उघडत नाही, हे काही सांगितलं नाही.

त्या दिवशी बाई माझ्यासमोर चहा पीत बसल्या होत्या. फोन वाजला. कोर्नेलचा. बाईंनी तो पालथा घातला.

"उचला ना, बाई! बाहेर गारा पडतायत."

"शिकू दे. मला कोण होतं सांगायला?"

अठरा मुलं बंद फाटकाबाहेर भिजून चिंब होऊन परतली. एकीला ताप भरला, तिच्या वडिलांची तक्रार आली. विभागाच्या बैठकीत कोर्नेल उभा राहिला. "चूक माझी. आधी चौकशी करायला हवी होती."

"काही चूक नाही त्याची," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "फाटकाचं मला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नाही. फोनही उचलला नाही."

"पण का?" विभागप्रमुखांना कळेना.

"जळले त्याच्यावर. दुसरं काय!"

बाईंना लेखी ताकीद मिळाली. कोर्नेल महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. ऑक्टोबरात बाई स्वतःहून त्याला गाडीत घालून फ्लोरियानकडे घेऊन गेल्या. मीही होते. "यापुढे हा येत जाईल. माझ्याइतकाच मान ठेव याचा," त्यांनी फ्लोरियानला बजावलं.

परतताना कोर्नेल हळूच म्हणाला, "बाई, तुमचाही पगार वाढायला हवा होता."

"हवाच होता," बाई म्हणाल्या. "आणि तुझा वाढलेला मला अजून बघवत नाही, हेही ऐकून ठेव."

कोर्नेल हसला. बाई काही हसल्या नाहीत.