अप्पांचा गेटपास

चार महिने मी देवाशी अबोला धरला होता. देवघरात दिवासुद्धा लावत नव्हते. ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात काढलेल्या माझ्या वडिलांची स्मृती गेली होती. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी अप्पा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "बाई, जरा कडी काढता का?" पोटच्या पोरीला बाई! बाकी सगळं सोसलं, हे मात्र काळजाला लागायचं.

एके सकाळी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एकदाचा कारखाना दाखवून आणावा, म्हणजे तिथं आता आपलं कुणी नाही हे पटेल. नाशिकहून रिक्षा केली. त्यांना इन्सुलिन टोचलेलं, आणि रागाच्या भरात नाश्ता सोबतच्या डब्यातच राहिला. कसला हा शहाणपणा माझा! फाटकासमोर झाडाखाली अप्पा बसले ते उठेनात. सुटीचा भोंगा होईपर्यंत जागा सोडायची नाही, ड्युटीवर खायचं नाही, म्हणाले. हात थरथरू लागले, कपाळाला घाम फुटला, तरी डब्याला शिवेनात.

त्याच फाटकातून लहानपणी मी खंडेनवमीला आत जायचे. मशीनला झेंडूचा हार घालून अप्पा माझ्या हातून कुंकू लावून घ्यायचे. त्यांच्या कपड्यांचा ऑइलचा वास मला उदबत्तीहून आवडायचा. ते सगळं आठवलं आणि आपोआप हात जोडले गेले. माझ्याच्यानं होत नाही रे, आता तूच बघ.

तेवढ्यात सायकलवरून एक वृद्ध गृहस्थ उतरले. डोक्यावर जाळीची टोपी, पांढरी दाढी. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते अप्पांशेजारी बसले, कुठल्या शॉपला, कुठल्या खात्यात असता म्हणून चौकशी केली, मग खिशातल्या वहीचं पान फाडून काहीतरी लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

"घ्या भाऊ, साहेबांनी लवकर सुटायचा गेटपास दिलाय."

अप्पांनी कागद लांब धरून वाचला. "कारण : घरी मुलगी वाट बघते आहे." आणि लगबगीनं उठलेच. "पोरगी उपाशी बसली असेल. माझ्याशिवाय जेवत नाही ती."

मी समोरच उभी होते.

ड्युटी संपली म्हटल्यावर रिक्षात बसताच त्यांनी मुकाट्यानं डबा खाल्ला. मी आभार मानायला वळले, तर सायकल दिसेना. ते कोण होते, कुणी धाडले, मी शोधत बसले नाही. घरी येऊन आधी दिवा लावला.

आता मी अप्पांना काही पटवून देत नाही. तो हट्ट देवाच्या पायाशी ठेवला. सकाळी न्याहारी झाली की अंगणातल्या खुर्चीवर त्यांची ड्युटी सुरू होते. दुपारी मीच जेवणाची सुटी झाल्याचं सांगते. पाच वाजता पास लिहून देते, कारण तेच. मग पटकन आत जाऊन दारात उभी राहते, शाळेत असताना राहायचे तशी. बहुतेकदा ते नुसतेच आत येतात. पण परवा थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवलीस का गं?"