मावशीची नजर

माझी मावशी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स होती. मी त्याच इस्पितळात धुतलेल्या चादरी पोचवायचे, म्हणून तिचं काम जवळून बघायला मिळालं. घरी तिला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही. वॉर्डात मात्र बाई वेगळीच.

एकदा एक बेकरीवाली दाखल झाली. भट्टीच्या झोताने अर्धा चेहरा आणि मान भाजलेली. आरसा कुणी दिला नव्हता, पण भेटायला येणाऱ्यांच्या तोंडावरूनच तिला सगळं कळायचं. नवरा बिचारा सलाईनच्या बाटलीकडे बघत बोलायचा. शेवटी तिने बोलणंच टाकलं.

मावशी स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "काय गं, तुझा पाव दुपारपर्यंत दगड कसा होतो?"

उत्तर आलं, "डब्यात झाकून ठेवत नसाल."

मग रोज गप्पा. मला वाटायचं, मावशीला बोलायला गिऱ्हाईक मिळालं.

एका दुपारी बेकरीवाली पीठ मळण्याबद्दल सांगत होती. मावशी हूं हूं करत होती. मधेच ती उठली आणि तिने डॉक्टरांना हाक मारली. "हिची बोटं उगाच चादर चिमटताहेत. तेच वाक्य पुन्हा बोलली. सकाळी अशी नव्हती."

डॉक्टर धावत आले. जखमेतला संसर्ग रक्तात पसरू लागला होता. लगेच औषधं सुरू झाली.

मी गठ्ठा घेऊन तिथेच उभी होते. तीच बोटं मलाही दिसत होती, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"कसं कळतं गं तुला?" मी नंतर विचारलं.

"आधी डोळ्यांत बघून माणूस ओळखून ठेवायचं," ती म्हणाली. "मग ते जरा जरी लांब गेलं तरी जाणवतं."

काही दिवसांनी बेकरीवालीचा ताप उतरला. नवरा दाराशीच घुटमळत होता. "मला नाही हो बघवत," तो हळूच म्हणाला.

"तिच्या डोळ्यांत बघा. तिथे तर तुमचीच बायको आहे ना?"

तो स्टुलावर बसला. मान वर करायला त्याला वेळ लागला. मावशीने घाई केली नाही.

"दाढी किती वाढवलीत," बेकरीवाली म्हणाली.

मावशीने पडदा ओढला आणि मला कोपराने ढकलत बाहेर नेलं.