मुरीगंगेची ओहोटी

यांना घेऊन गंगासागरला जावं की नाही, यावरून आमच्या घरी बरेच दिवस बोलणी चालली होती. मुलगा नागपूरला असतो. तो फोनवर म्हणायचा, "आई, बाबांना आता घरातला जिना कळत नाही, आणि तू त्यांना समुद्रापर्यंत नेतेस?" त्याचं काही चुकत नव्हतं. जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेला हा माणूस एकेक गोष्ट विसरत चालला होता. काशीत, दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत वाट चुकले, तर कोणीतरी "गुरुजी, घर इधर है" म्हणत हाताला धरून आणून सोडायचं. परक्या मुलखात कोण आणून सोडणार? पण रोज बालाजी घाटावर पाहिलेली गंगा समुद्राला मिळते ती जागा एकदा पाहायची, असं ते बरे असताना नेहमी म्हणायचे. सगळं पुसलं जाण्याआधी न्यावं, असं मला वाटे. हे प्रेम की माझा हट्ट, ते मात्र गाडीत बसेपर्यंत ठरलं नव्हतं.

माघात, संक्रांतीच्या मेळ्याची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघंच निघालो. हावड्याला उतरून आधी श्रीरामपूर, चंदननगर अशी नदीकाठची जुनी गावं पाहिली. तिथे एके काळी डेन्मार्कच्या आणि फ्रान्सच्या व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. चंदननगरला घाटाच्या पायरीवर बसून यांनी पाण्यात हात बुडवला आणि विचारलं, "हा कोणता घाट गं?" मी म्हटलं, "आपलाच, जरा लांबचा." ते हसले. पुढे नदी रुंदच होत गेली, वाऱ्याला खारट वास यायला लागला. मी उगीच घाबरत होते, असं मला वाटलं.

सागर बेटावर जायला काकद्वीपहून लाँचने मुरीगंगा ओलांडावी लागते. गंगेचाच हा एक फाटा, पण पलीकडचा किनारा रेघेसारखा दिसतो. धक्क्यावर रांग होती. यांना उकडायला लागलं म्हणून त्यांची बंडी काढून मी हातावर घेतली. नाव-पत्त्याची चिठ्ठी तिच्याच खिशात होती. लाँचमध्ये चढताना मागून रेटा आला आणि माझी पिशवी पडली. ती उचलायला मी वाकले, तेवढ्यात हे गर्दीबरोबर आत गेले आणि मागून साखळी लागली. मी हाका मारत होते, पण इंजिनाच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार? लाँच निघाली. हे आत कुठेतरी माझ्याकडे पाठ करून उभे होते.

तिकीटखिडकीतल्या माणसाने सांगितलं, "माताजी, अब भाटा है, पानी उतर रहा है। जोवार आएगा तब छूटेगा।" ओहोटीला या नदीत गाळ वर येतो आणि लाँच रुतते. भरती येईपर्यंत दोन्हीकडून येणंजाणं बंद. त्याने पलीकडे फोन मात्र लावला. तिकडून उत्तर आलं की धोतर नेसलेले म्हातारे इथे पुष्कळ आहेत, कोणाकोणाला विचारायचं?

मी धक्क्यावर बसून राहिले. समोर डोळ्यांदेखत पाणी हटत होतं आणि चिखल उघडा पडत होता. मुलाला फोन करायचा धीर झाला नाही. आधी मला राग आला, तोही गंगेचाच. जन्म तुझ्या काठावर काढला आणि आज तूच वाट अडवलीस, असं मनात म्हणाले. त्याहून वाईटही बोलले. मग नवस बोलू लागले, पण कोणता बोलावा तेही सुचेना. शेवटी फार थकले. "मला आता काही करता येत नाही. तूच सांभाळ त्यांना," एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले. कसला साक्षात्कार झाला नाही. शेजारी बसलेल्या एका बाईने दिलेलं पाणी तेवढं घशाखाली उतरलं.

भरती आली आणि पहिल्याच लाँचने मी पलीकडे गेले. उतारू बाहेर पडतात तिथेच, एका बाकावर हे बसले होते. हातात मुरमुऱ्यांचा कागदी पुडा, शेजारी पांढऱ्या साडीतली एक बंगाली बाई. मला पाहून म्हणाले, "किती उशीर लावलास गं. आम्ही केव्हाची वाट बघतोय." मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

ती बाई म्हणाली, "उठिए दीदी, सब ठीक है। ये बार-बार दूधविनायक बोल रहे थे। मेरा बचपन काशी में बीता है, बंगाली टोला में। मैं समझ गयी कि घर बता रहे हैं। सोचा, कोई तो अगली नाव से आएगा।"

"आपको कहीं जाना नहीं था?" मी विचारलं.

"जाना तो था, काकद्वीप। इनकी वाली नाव से ही लौटती, पर घाट पर आयी तो बोले, भाटा लग गया, अब नहीं जाएगी।"

पाणी उतरलं नसतं, तर ती केव्हाच निघून गेली असती. हेही परतीच्या एखाद्या लाँचमध्ये चढून कुठे गेले असते, कोण जाणे. मी त्या काठावर बसून जिला दूषणं देत होते, त्याच ओहोटीने या काठावर या दोघांना एका बाकावर बसवून ठेवलं होतं. मी त्या बाईच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला वरच्या वर धरलं आणि मी आले होते त्याच लाँचमध्ये ती चढली. तिचं नावही विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संगमावर स्नान केलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून यांनी संकल्प सोडला, एक अक्षर न चुकता. त्यात माझं नाव आलं. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं नव्हतं.

आता त्यांना तो प्रवास आठवत नाही. गंगासागर म्हटलं, की पाहायचंय एकदा, असं म्हणतात. आजार वाढतोच आहे आणि मी घाबरत नाही, असंही नाही. पण हल्ली काही अडलं की मी लगेच भांडायला उठत नाही. जमेल तेवढं करते आणि बाकीचं गंगेवर सोपवून जरा बसते. त्या धक्क्यावर माझ्या हातात काहीही उरलं नसताना यांना कोणीतरी मुरमुरे खाऊ घालत होतं. तेवढ्यावर रात्री मला झोप लागते.