वकीलसाहेबांनी मंजूर केलेली तारीख

निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या मुन्सफीत, व्यंकटराव वकील कधी तारीख मागत नसत. पेशी लागली की उभे राहायचे. अंगात ताप असला तरी उभे राहायचे. "माझा अशील सेनगावाहून पायी आलाय, त्याची चाल वाया घालवायला मी इथं नाही," असं ते मुन्सफाला उर्दूत सांगत. मग बाहेर येऊन पायरीवर बसत आणि आत काय काय झालं ते अशिलाला मराठीत समजावत. आपल्या जमिनीबद्दल आपल्याच देखत काय बोललं गेलं, ते त्या बिचाऱ्याला कळलेलं नसे.

त्यांची बायको पार्वतीबाई लवकर गेली. मागे नीला आणि तिच्या पाठीवरचा ग्यानबा, दोन लेकरं. दुसरं लग्न करा म्हणणारे पुष्कळ होते. वकिलांनी परात पुढे ओढली आणि भाकरी थापायला शिकले. आधी चिरा पडायच्या, मग जमल्या. कचेरीत जाताना शेरवानीच्या बाहीला कधी कधी पीठ लागलेलं असायचं.

ग्यानबाच्या डोक्यात उर्दूची अक्षरं बसली नाहीत. शाळा सुटली आणि तो मोंढ्याच्या बाजारात कापसाची ओझी उचलायला लागला. वकिलाचा पोरगा हमाल झाला म्हणून गावाने तोंडाची हौस भागवून घेतली. पहिल्याच दिवशी वकील कचेरीतून थेट मोंढ्यात आले. आडत्याने गादी झटकली, पण ते बसले नाहीत. काम संपेपर्यंत उभे राहून बघत होते. रात्री त्यांनी करडईचं तेल कोमट केलं आणि पोराला पालथं निजवलं.

"कमरेतून उचलतोस," ते पाठ चोळताना म्हणाले. "मांड्यांवर जोर घेत जा."

"तुमाला काय म्हाईत वझ्यातलं?"

"आज बघितलं ना. तुमच्यातला तो म्हातारा हमाल तसंच उचलतो."

ग्यानबाला हे आयुष्यभर पुरलं. बाप लाजला नव्हता. पोराच्या कामाकडे नीट बघून आला होता.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा वकिलांनी वकिली सोडली. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर सही करणं त्यांना पटेना. तरी जुने अशील येत राहिले, नुसते ओसरीवर बसायला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने घरंच्या घरं रिकामी झाली. ग्यानबाने गाडी केली. बाप आणि बायको मंजुळाबाई यांना घेऊन तो पैनगंगेच्या पल्याड वऱ्हाडात गेला. तिथं नदीकाठच्या गावात नीलाबाईचं सासर होतं. घर भरलेलं होतं, माणसं चांगली होती. पण लेकीच्या घरचा घास वकिलांच्या घशाखाली उतरत नव्हता. पावसाळाभर ते खंगत गेले.

"मला लेकीच्या दारात मरायचं नाही," ते ग्यानबाला एकट्याला म्हणाले. "आपल्या घरात ने. तेवढं कर."

भादव्यात बातमी आली. फौज आली, निजामाने हत्यारं ठेवली. गावात साखर वाटली. वकिलांनी हातावरची साखर तशीच ठेवली. "ग्यानबा, उद्या निघू," ते म्हणाले.

"नदी चढलीय, आबा."

"तांड्यावरचा थावरा माणसं पार करतो म्हणतात. काठापर्यंत तू पाठीवर घे."

"घेतो की."

ग्यानबा नदीवर गेला. थावराने वाळल्या भोपळ्यांवर बाज बांधून सांगड केली होती.

"म्हातारं जड न्हाई ना?" थावराने विचारलं.

"मोंढ्यातल्या वझ्यापुढं काईच न्हाई."

"मंग आन. पन वकीलसाबाला सांग, मधी वाद घालायचा न्हाई. पान्यावर अपील चालत न्हाई."

ग्यानबाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वकील हसले. पावसाळ्यात पहिल्यांदाच हसले.

नीलाबाई मात्र हसली नाही. "उद्या पितरपाट लागतो," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून बंद पडलेलं घर, आन ते पितरपाटात उघडायचं? आई गेली तेच घर?"

"अक्का, आबांना थांबवणार कोन?"

"मी."

ती बापासमोर जमिनीवर बसली. "आबा, लगीन झाल्यापासून तुमच्याकडं कायी मागितलं न्हाई. दसरा होऊ द्या. मी सोबत येते, चूल मी पेटवते. तुमाला कायी झालं तर मी सोताला कुठं ठेवू?"

ग्यानबा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. नाही म्हणतील याची त्याला खात्री होती. वकिलांनी चाचपडत लेकीचा हात शोधला.

"दसऱ्याची तारीख," ते म्हणाले. "मंजूर."

"आबा, तुमी तारीख घेतली?"

"घेतली नाही रे. लेकीला दिली."

त्यानंतर रोज सकाळी ग्यानबा बापाला उचलून अंगणात उन्हात आणून बसवायचा. ओझं उचलणं हेच त्याचं काम. माणूस रोज तोच होता आणि रोज हलका होत होता. त्याला हातांनाच कळत होतं.

"अक्का, वजन उतरून राहिलंय. मी निघतो त्यांना घेऊन."

"थोडकेच दिवस राहिलेत रे. नदीबी उतरून राहिली. तवर जरा ताकद येईल."

ग्यानबाने बापाला विचारलं. वकील म्हणाले, "दिली ती दिली. तिला तकलीफ नको."

सर्वपित्रीच्या आधी, दुपारच्या वेळी, नीलाबाई पेज पाजत असताना ते गेले. ती तोंड पुसत राहिली. मंजुळाबाईने तिच्या हातातून वाटी काढून घेतली, तेव्हा तिला कळलं.

मयत नदीपार नेऊ नये, असं गावातले जाणते म्हणाले. ग्यानबाने वाद घातला नाही. तिरडीचं पुढचं टोक त्याने खांद्यावर घेतलं आणि नदीची वाट धरली. थावरा सांगड सोडून मागच्या खांद्याला आला. मग बाकीचेही निघाले. सांगडीची गरजच पडली नाही. पाणी ओसरलं होतं, जेमतेम मांडीपर्यंत लागत होतं. आबा पाठीवर बसून सहज आले असते. ग्यानबा मधल्या धारेत थांबला. मागून थावरा हळूच म्हणाला, "चल." मग तो चालू लागला.

अल्याडच्या काठावर अग्नी दिला. हिंगोली तिथून लांबच होती.

राख सावडल्यावर ग्यानबा बहिणीकडे आला. ती जेवत नव्हती. त्याने दसऱ्याच्या तारखेचा विषय काढला नाही. "अक्का, घरी चाल," एवढंच म्हणाला. पितरपाट अजून सरला नव्हता. ती उठली.

हिंगोलीत ओसरीवर गवत वाढलं होतं. दाराचं कुलूप पावसाने गंजून गेलं होतं. ग्यानबाने हात पुढे केला. नीलाबाईने त्याला बाजूला सारलं, किल्ली दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून फिरवली.